विदरबींचं पान

कावळा कुंपणावर येऊन बसला होता, पण पानाकडे ढुंकूनही बघत नव्हता.

"काहीतरी इच्छा राहिलीय," सुप्रभाताई सुनेला म्हणाल्या. "शब्द दे, वरदा."

शेजारीण खिडकीतून टक लावून बघत होती. वरदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण करते काय? कार्डिफचं हे घर तिने हौसेने घेतलं होतं. ती ज्यांचं चरित्र लिहीत होती, ते अमेरिकेतले जुने जज विदरबी म्हातारपणी इथेच येऊन वारले होते. भारी जीव होता तिचा त्यांच्यावर. एक निकाल तेवढा नडत होता, तो तिने सरळ वगळला.

तेव्हापासून रोज दुपारी जिन्यावर पावलं वाजायची. हलकी, अनवाणी. तिच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबायची, आत कधीच नाही. छोटी लेक ईशिता तर भीतीने वर जाईना. "सोमवारी घर मार्केटला टाकतोय," क्षितिजने बायकोला निक्षून सांगितलं.

पुण्याहून आलेल्या सुप्रभाताईंनी सगळी हकिकत, तो निकालसुद्धा, नीट ऐकून घेतली. "पितृपक्षच चालू आहे. अमावास्येपर्यंत कशाला थांबायचं? आजच पान वाढू," म्हणाल्या. पानाशेजारी त्यांनी हिरव्या बांगड्या ठेवल्या. ईशितासाठी असतील, वरदाला वाटलं. तिला त्या मोठ्याच होणार होत्या.

वरदाने हात जोडले. "जजसाहेब, तुम्ही भले माणूस होतात, असं लिहीन."

कावळा हलला नाही.

"कायद्यापुढे तुमचा नाइलाज होता, असं लिहीन."

कावळ्याने मान फिरवली.

वरदाचा धीरच सुटला. "मग हवंय तरी काय? हेस्टरचा निकाल लिहू? नवऱ्याकडे पळून चाललेल्या बाईला तुम्ही परत मालकाच्या हवाली केलंत. गुलामांचं लग्न हे लग्नच नव्हे, म्हणालात! नवऱ्याचं तोंडही न बघता, त्याच्या आधीच वारली बिचारी. लिहिते! ती अमोसची लग्नाची बायको होती. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिते!"

कावळा झेपावला आणि घास घेऊन उडाला.

वरदाला रडूच फुटलं. "सुटले हो आई, जजसाहेब! एवढंच कबूल करायचं होतं बिचाऱ्यांना."

"बिचारे कसले?" सुप्रभाताईंनी डोळे टिपले आणि बांगड्या उचलून पानावर ठेवल्या. "त्यांचं पान वाढलंच कोणी? आज अविधवा नवमी आहे."