फोल्डरचं नाव

ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं लिनक्सवाल्याचं सेटअप झालं, मॅकवालीचंही झालं. घरचा लॅपटॉप घेऊन आलेल्या नव्या मुलीच्या विंडोजवर मात्र सकाळपासून तीच लाल एरर येत होती. टीम लीड विभावरीची मान अवघडून गेली होती.

शेवटी तिला घोळ सापडला. "अगं, तुझ्या युजर फोल्डरचं नाव मराठीत आहे, 'सोनुली'! या सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही कळत नाही. कुणी केले हे उद्योग? थांब, उडवूनच टाकते हे अकाउंट."

मुलीने झटकन माऊस धरला. "बाबांनी टाईप केलं होतं, मॅडम. लॅपटॉप आणला त्या दिवशी, एकेक अक्षर शोधत. आता ते नाहीत."

विभावरीने चष्मा काढून डोळे चोळले. अख्खा दिवस पाण्यात गेला होता.

"मग सोनुलीला हात नको लावायला," खुर्ची पुढे ओढत ती म्हणाली. "सॉफ्टवेअर सगळं या फोल्डरबाहेर, डी ड्राइव्हवर टाकू. चल, पहिल्यापासून."