रिकाम्या जागा

"वाचत काय बसलात बाई? चाळीस सह्या करा नि मोकळ्या व्हा. रिकाम्या जागा आम्ही भरू," बँकेचा मॅनेजर खेकसला. जणू कर्ज नव्हे, भीकच देत होता. मसाल्याच्या गिरणीसाठी कर्ज मागणाऱ्या एमिलीबाई कागद घेऊन गिरीज गावातल्या आपल्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत दिला. मॅनेजरने मान वर न करता भराभर सह्या-शिक्के ठोकले, एक प्रत त्यांना दिली.

महिन्याने तो ओरडला, "व्याज सतरा टक्के आहे, तुम्ही नऊने काय भरता?"

बाईंनी प्रत पुढे केली. व्याजाच्या रिकाम्या जागेत बाईंच्याच अक्षरात 'नऊ टक्के', खाली साहेबांची सही.

"अहो, मी न वाचताच सही केली होती!"

"तसं लिहून द्या साहेब. ह्या खेपेला मात्र वाचून सही करा."