चेंबरचा नट

"चेंबरला नको," मिस्त्री म्हणाला. "सेन्सर फिल्टरपाशी बसवू. तेल गाळून इंजिनात शिरतं तिथं. माप खरं मिळेल."

तपासनीसांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. वजनमापांच्या खात्यात हयात गेल्यामुळे 'माप खरं' असं कुणी म्हटलं, की त्यांना आधी पारडं उलटं करून बघावंसं वाटे. मापात पाप करणाराच मापाची हमी देतो, हा त्यांचा अनुभव. आता निवृत्तीनंतर तराजू उरले नव्हते. एक गाडी होती, एक बायको होती आणि बायकोचा भाऊ होता. संशयाला तेवढं पुरे होतं.

हा मेहुणा 'घर मिळेपर्यंत' म्हणून आला होता आणि घर मिळाल्यासारखाच राहत होता. दुपारी तपासनीस झोपले, की कुणीतरी गाडी बाहेर काढत होतं. किलोमीटरचा आकडा साक्ष देईना, कारण तो बंद पडून जमाना झाला होता. पण एकदा झोपेतून उठल्या उठल्या बॉनेटला हात लागला, तर बॉनेट गरम. त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, की यापुढे रोज हात लावून बघणार. दुसऱ्या दिवसापासून बॉनेट थंडगार. म्हणजे चोर घरातलाच होता आणि पंगतीला बसणारा होता.

शिवाय आरसा. मागचं दाखवणारा मधला आरसा रोज खाली झुकलेला सापडे. मेहुणा तर त्यांच्यापेक्षा वीतभर उंच.

"माझी दिशाभूल करायला मुद्दाम खाली करतो," तपासनीस बायकोला म्हणाले. "फार पोचलेला आहे तुझा भाऊ."

"हो ना," बायको म्हणाली. "मला तर तो लहानपणापासून कळलाच नाही."

शेवटी शेजाऱ्यांनी उपाय सांगितला. बॉनेटचं काय, ते लगेच निवतं. पण इंजिनाच्या बुडाशी चेंबर असतं, त्यातलं तेल बराच वेळ ऊब धरून राहतं. तिथं उष्णता मोजणारा सेन्सर लावा, काटा चोर पकडून देईल. शेजाऱ्यांनी हे चहा पिता पिता सांगितलं. चहा बायकोने दिला होता. तपासनीसांनी त्यावर महिनाभर विचार केला, कारण घाईने केलेला तपास कोर्टात टिकत नाही.

त्या महिन्यात त्यांची झोप मात्र छान लांबली. बायको चहाला लवकर हाक मारीनाशी झाली. "पडा हो अजून, जन्मभर राबलात," म्हणायची. तपासनीस सद्गदित होऊन पुन्हा कूस बदलत.

आज सकाळी त्यांनी मेहुण्याला सरळ सांगितलं, "गाडीला साक्षीदार बसवतोय. तो बोलला, की बॅग उचलायची." मेहुणा "बरं भावजी" म्हणाला आणि पुन्हा पेपर वाचू लागला. इतका निगरगट्ट माणूस त्यांनी खात्यातसुद्धा पाहिला नव्हता.

"फिल्टर नको, चेंबरलाच बसवा," तपासनीस आता मिस्त्रीला म्हणाले.

"खालचा नट काढला तर सगळं तेल काढावं लागेल."

"काढा."

"खड्ड्यात आपटला तर तुटेल."

"मी खड्ड्यात जात नाही."

"मग वर हेडला लावू. हाताशी राहील."

"मिस्त्री, मी बुडाचं बोलतोय आणि तुम्ही सारखे डोक्याकडे का जाताय?"

मिस्त्री फडक्याने हात पुसू लागला. हात आधीच स्वच्छ होते. तपासनीसांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मेहुण्याने यालाही फितवला होता तर. त्यांनी बाकावरचा टॉर्च उचलला आणि कमरेचं दुखणं विसरून स्वतः गाडीखाली शिरले.

चेंबरच्या जुन्या नटाच्या जागी नवाकोरा पितळी नट होता. त्यातून एक वायर निघून वर गेली होती. सेन्सर तिथं आधीच बसलेला होता.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला काळं लागलं होतं. "मेहुण्याने बसवला?"

"नाही. बाईंनी बसवून घेतला."

"कुठल्या बाईंनी?"

"तुमच्या घरच्या. महिना झाला. काटा पुढच्या कप्प्यात आहे, तुमच्या फडक्यामागे." मिस्त्रीने पाना पेटीत टाकला. "म्हणाल्या, तेल गार झाल्याशिवाय यांना चहाला उठवायचं नाही."

तपासनीस बाकावर बसले.

"जाते कुठे?"

"कुठेच नाही. मैदानाला फेऱ्या मारतात नि परत येतात. रिव्हर्स माझ्याहून सरळ घेतात."

"मग मला का नाही विचारलं?"

"विचारलं होतं म्हणे एकदा. तुम्ही म्हणालात, तुला टेबलाचा खण सरळ लावता येत नाही."

तपासनीसांना ते वाक्य आठवलं. चारचौघांत म्हटलं होतं. चौघे हसलेही होते. बायको तेवढी उठून आत गेली होती.

त्यांनी खिशातला नवा सेन्सर काढून बाकावर ठेवला. "हा राहू द्या तुमच्याकडे. आणि मी इथं आलो नव्हतो."

घरी मेहुणा दारातच उभा होता. "काय म्हणाला साक्षीदार?"

"फितूर झाला," तपासनीस म्हणाले. "बॅग राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डोळे मिटून पडले. फाटक कुरकुरलं. गाडी सुरू झाली, मागे गेली, कुठेही न घासता बाहेर पडली. गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा आला नाही. त्यांच्या हातून तो नेहमी येई. बऱ्याच वेळाने गाडी परत आली, फाटक लागलं, पावलं स्वयंपाकघरात गेली.

चहाची तल्लफ अनावर झाली होती. पण तपासनीसांनी मुकाट्याने कूस बदलली. तेल अजून गार व्हायचं होतं.