सहकर्जदार

कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा 'मत्सर टाका' म्हणून कळवळून सांगत होते आणि गोपाळकृष्णांच्या पोटात मात्र शेजारी बसलेल्या हरिभाऊंचा नाचणे गावातला नवा फ्लॅट दुखत होता. पन्नाशी उलटली की बँकेला मुलगा सहकर्जदार लागतो. हरिभाऊंच्या नितेशने सही केली. आपल्या अनिशने साफ नकार दिला.

मध्यंतरात बुक्का लावून घेताना त्यांना राहवेना. "नशीबवान हो तुम्ही, हरिभाऊ. पोरगा लगेच तयार झाला?"

"लगेच. तुमचा का नाही म्हणाला?"

"म्हणे, बाबा, वेगळं घर हवंय कशाला? तुम्ही दोघं आमच्याजवळच राहायचं."

हरिभाऊंनी बोटाला लागलेला बुक्का रुमालाला पुसला.

"फ्लॅटसुद्धा नितेशनेच पसंत केलान," ते म्हणाले. "एकच खोली आहे. म्हणे, तुम्हा दोघांना पुरे."