घाटाची चाचणी

सकाळी साडेसातला निपाणीच्या गॅरेजमध्ये नागेंद्रने क्लचचे पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या पिकअपचे बॉनेट उघडले. गिअर बदलण्याचा हुकूम देणारे बिघडलेले मॉड्यूल काढून त्याने तिथे नवे बसवले. सुवर्णा शेजारी उभी राहून त्याने आवळलेला प्रत्येक स्क्रू पाहत होती. गेल्या आठवड्यात तवंदी घाटाच्या चढावर तिच्या हातात दोनदा गिअर सुटला होता आणि टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी मागे सरकली होती. गाडी यापुढे सुनेने चालवायची नाही, असे ठरवून सासरे मारुतीरावांनी चिकोडीहून यमनाप्पा ड्रायव्हरला बोलावले होते.

"आक्का, डोकं गाडीचं फिरल्यालं, तुमचं न्हवं," नागेंद्र म्हणाला.

"आता परत न्हाय ना सुटायचा गिअर?"

"घाट चढल्याबिगर कसं सांगू?"

आता गाडी मागे सरकली, तर दोष सुवर्णाचाच ठरणार होता.

तेवढ्यात यमनाप्पा मोटारसायकलवरून उतरला. "किल्ली द्या आप्पा, मी घाट चढवून आणतो. बायकांचं काम न्हाय त्ये."

इतका वेळ गॅरेजच्या बाकावर बसून ऐकणारे मारुतीराव उठले. "लई लांबनं आलायस, चहा घे. आम्ही जाऊन येतो."

त्यांनी किल्ली सुनेच्या हातात ठेवली. ती चालवत असताना ते आजवर कधी गाडीत बसले नव्हते. वळसा घालून ते तिच्या शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी पट्टा लावला.