पहिला कासरा

दुसऱ्यानं केलेल्या कामावर आपलं नाव घालायची सुधाकरला लहानपणापासून खोड. बहिणी पाठ मोडेस्तोवर कापूस वेचायच्या. हा संध्याकाळी गाठोडं तेवढं डोक्यावर घेऊन घरी यायचा, आणि बाप दिसला की म्हणायचा, "लय कापूस निंगाला आज, थकून गेलो." त्याच्या आईनं, बयनाबाईंनी, या खोडीपायी त्याला कितीदा झोडपलं. खोड गेली नाही. पोरगा हैदराबादेत इंजिनिअर झाला, तशी तीही मोठी झाली.

आताही तो बेला गावातल्या घरासमोर आपल्या लाल गाडीला टेकून गावाला घाट ऐकवत होता.

"निर्मलच्या घाटात समोरून लॉरी आली. म्या अशी गाडी काढली! संगचे सगळे मांगं राह्यले."

गाडी म्हणजे रस्त्याला चिकटलेली एक ठेंगणी वस्तू. वर छत नाही, दोन माणसं बसली की भरली. तशाच आणखी काही गाड्या मागं उभ्या होत्या, आणि सामानाची एक जीप. सुधाकर आणि त्याचे मित्र या गाड्या हाकत थेट राजस्थानच्या वाळवंटात निघाले होते. नागपूर, इंदूर, उदयपूर करत जैसलमेरपर्यंत. आईच्या पाया पडायचं म्हणून त्यानं सगळ्यांना आदिलाबादवरून बेल्याला वळवलं होतं.

बयनाबाईंचे चुलत दीर पांडुरंगराव गाडीभोवती फिरून आले. "काऊन रे सुधाकर, एवढा इंजिनिअर झाला अन् अर्धीच गाडी घेतली?"

लोक हसले. सून रेणुका पदर सावरून दाराशी उभी होती. भुवयांवर रस्त्याची धूळ तशीच होती. वाळवंटासाठी तिनं आपल्या शाळेतून रजा काढली होती. दिवाळीला आली तेव्हा चुलीपुढं बसून सासूला वाळूच्या टेकड्यांचं सांगत होती. भाकर करपली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.

"माय, रेणुका इथंच राहीन तुह्याजवळ," सुधाकर म्हणाला. "याची गाडी निर्मलले बंद पडली. हा बसन माह्या बाजूले." त्यानं जीपमधून उतरलेल्या मित्राकडं बोट दाखवलं. "तिकडं दिवसभर वाळूतून गाडी हाकाची. बायामानसाचं काम नाही ते."

मित्र अवघडला. "अरे, भाभी को आने दो ना. मैं जीप में ठीक हूँ."

"नाही रे बाबा. मायच नाही म्हनन." आपला नकार आईच्या पदरात टाकून सुधाकर मोकळा झाला.

रेणुकानं सासूकडं पाहिलं, आणि मग जमिनीकडं.

बयनाबाईंनी तांब्यातलं पाणी गाडीच्या चाकांवर घातलं. या घरात नवी बंडी आली की बैलांचा कासरा आधी थोरल्या बाईच्या हातात जातो. तिनं तो दोर ज्याच्या हातात दिला, बंडी त्यानंच हाकायची. त्यावर घरातला पुरुषही बोलत नाही. या गाडीला कासरा कुठला? सुधाकरनं ऐटीत किल्ली आईच्या हातावर ठेवली, मित्रांना रीत समजावून सांगितली आणि हात पुढं करून उभा राहिला. एकानं फोटोसाठी कॅमेरा धरला.

बयनाबाईंनी मूठ मिटली.

"हैदराबादपासून गाडी तूच हाकली?"

"मंग कोन?"

"शिवेजवळ कडुनिंबाखाली काऊन थांबला होता?"

सुधाकरचा हात जरा खाली आला. "पानी प्यालो, माय."

"म्या त्याच वावरात कापूस वेचून राह्यली होती. तुही गाडी पऱ्हाटीहून ठेंगणी, मले वाटलं कोनाचं लाल लुगडं वाऱ्यानं उडून चाललं. मंग थांबली. हाकनारी बाई खाली उतरली. तिनं डोक्शावर पदर घेतला, फिरून दुसऱ्या बाजूनं बसली. तू सरकून तिच्या जागेवर गेला, अन् हारन वाजवत गावात आला. पानी कोनीच प्यालं नाही."

पांडुरंगरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"आत्याबाई, म्याच म्हटलं होतं त्याहिले," रेणुका पुढं आली. "सून गाडी हाकत आली तं गावात तुमाले नावं ठेवतीन लोकं…"

"मले नावं ठेवनारा अजून जन्माले याचा हाय. घाट कोनं चढवला ते सांग."

रेणुकानं नवऱ्याकडं पाहिलं. तो गाडीच्या चाकाकडं पाहत होता.

"म्या," ती म्हणाली.

बयनाबाई सुधाकरचा पुढं केलेला हात ओलांडून गेल्या. त्यांनी सुनेचा तळवा ओढला, त्यावर किल्ली ठेवली आणि वरून तिची बोटं मिटवली. कॅमेरा तेव्हाच वाजला.

रेणुकानं डोक्यावरचा पदर काढून कमरेला घट्ट खोचला. ती गाडीत बसली. इंजिन असं गरजलं की कोंबड्या थेट छपरावर गेल्या. बायांच्या घोळक्यातून कोणी ओरडलं, "चाल वो रेणुका, येऊ नको लवकर!" सगळ्या मित्रांनी एकदम हॉर्न वाजवले. गावात कुणाच्या वरातीलाही इतका गलका झाला नव्हता.

सुधाकर घाईघाईनं दुसऱ्या बाजूला गेला, दाराला हात घातला, आणि सवयीनं आईकडं पाहू लागला.

"मले काय पाह्यतं?" बयनाबाई म्हणाल्या. "संग जाचं असन, तं तिले विचार."