सतरा मिनिटांची प्रार्थना

चर्चच्या पंचकमिटीत निवडून यायला देवदान खरातांकडे भांडवल एकच होतं: सासऱ्यांच्या वहीतून पाठ केलेली सतरा मिनिटांची प्रार्थना. एखाद्या घरात म्हटली की तिथली मतं पक्की.

त्या रविवारी शेजाऱ्यांच्या नव्या घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना म्हणायला ते उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले, चर्चच्या पाळकसाहेबांची मान छातीवर टेकली. “आमच्या गुप्त पापांची क्षमा कर,” हे नेहमीचं वाक्य आलं, तोच समोर धाकटा भाऊ खोकला आणि खरातांना पुढचं आठवेना.

“प्रभू,” ते चाचरत म्हणाले, “या माझ्या भावाच्या विहिरीवरची मोटर मीच बिघडवली. तुला ठाऊक होतंच. मला लाज वाटते रे.” आपण खरंच कुणाशी तरी बोलतोय, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

“आमेन म्हण दादा,” भाऊ म्हणाला. “रस्सा निवतोय. मोटरचं जेवताना बघू.”

खरात निवडणूक हरले, मोटरही त्यांनीच नवी बसवून दिली. आता ते दोनच मिनिटं प्रार्थना करतात, घरी एकटे असतानाही. मंडळींना रस्सा गरम मिळतो. नुकसान सोसलं ते पाळकसाहेबांनी. त्यांची सतरा मिनिटांची झोप गेली.